रिकिबीचं हाड

चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पाहुणा आला की आधी कॉफी येई, आणि कॉफीच्या मागोमाग माधवरावांचा उजवा पाय.

पाहुण्याचा टंब्लर रिकामा होईपर्यंत माधवराव दम धरत. मग वेष्टी जराशी वर घेऊन पाऊल पुढे करत. अंगठ्याच्या बुडाशी, आतल्या कडेला, लिंबाएवढा उंचवटा बाहेर आलेला. अंगठा शेजारच्या बोटावर असा चढलेला, जसं बसमध्ये जागा मिळाली नाही म्हणून कुणी कुणाच्या मांडीवर बसावं. पाहुणा बिचारा एखादं तेल सुचवायला तोंड उघडी.

"रोग नव्हे हो तो," माधवराव म्हणत. "रिकिबीचं हाड. आमचे मूळपुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरनं तंजावरास आले. पिढ्यान् पिढ्या रिकिबीत पाय. त्यानं हाड वाढलं. घोडे गेले, हाड राहिलं."

आता या घराण्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, हेही खरं. तलवार नाही, सनद नाही, तंजावरात वीतभर जागा नाही. बाकीच्या तंजावरी मराठी घरांत कुणाकडे चांदीचा गडवा असतो, कुणाकडे कुणालाच वाचता न येणारा मोडी कागद असतो. यांच्याकडे हाड होतं. माधवरावांच्या वडिलांना होतं, माधवरावांना होतं, त्यांचा मुलगा रामस्वामी याला होतं. आठवतात तेवढ्या पिढ्या सगळे कारकून. माधवराव स्वतः सरकारी हिशेब तपासणीच्या ऑफिसात जन्मभर खुर्चीवर बसले. घोड्याच्या जवळ ते एकदाच गेले होते, मरीनाच्या वाळूत, आणि तेव्हा घोड्यानेच तोंड फिरवलं होतं.

सून विद्यालक्ष्मी कुंभकोणमहून आली ती सरळ पावलांची. "ही पायदळातली," असं सासऱ्यांनी लग्नाच्या पंगतीतच जाहीर केलं आणि तिने ते पुढे पंचवीस वर्षं हसून सोसलं. त्यामुळे नातीच्या पावलात कुणाचं रक्त उतरतंय याची घरात मोठी चिंता होती. बाराव्या वर्षी सहानाच्या उजव्या पायाला तो उंचवटा दिसू लागला. "ताता, दुखतंय," म्हणत ती आजोबांकडे गेली, तर माधवरावांनी पाऊल हातात घेऊन निरखलं, डोळ्यांना लावलं, आणि त्या दिवशी घरात सणासारखी खीर, पायसम झालं.

दुखण्याचं कुणी काही विचारलं नाही.

सहानाचं चुकलं म्हणायचं तर एवढंच, की तिला घोड्या-गुरांचं खरंच वेड होतं. फौजेच्या गोष्टी ऐकून ऐकूनच लागलं असावं. तेविसाव्या वर्षी ती जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला पोचली. कुत्री-मांजरं तिला आवडत, पण गोठ्यात शिरलं की तिचा श्वासच वेगळा चाले. मोठी जनावरं, मोठी पोटं, कोपरापर्यंत हात. आणि गोठ्यात शिरायचं म्हणजे गमबूट.

गमबुटात हाडाला जागा नसते. सकाळी तिचा पाय बुटात जाई, दुपारी तिथे निखारा ठेवल्यासारखं होई, संध्याकाळी बूट काढायला मैत्रीण लागे. मैत्रीण म्हणजे अवनी, अकलूजची, हॉस्टेलवर राहणारी. तिचं मराठी आणि सहानाचं मराठी पहिल्या वर्षी एकमेकींना बघून हसायचं. आता दोघी मिळून तमिळमध्ये शिव्या द्यायच्या.

मार्च महिन्यात कॉलेजच्या फार्मवर एक गाय अडली. वासराचं डोकं मागे वळलेलं. सहानाची पाळी होती. तिने हात आत घातला, वासराचा जबडा बोटांना लागला, आणि नेमकी तेव्हा पायातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काळोख झाला. तिने एका पायावर उभं राहून उजवा बूट झटकून टाकला आणि अनवाणी पाय शेणात रोवला.

डॉक्टर नारायणस्वामींनी, म्हणजे फार्मच्या मुख्य सरांनी, ते पाहिलं. आरडाओरडा करणारा माणूस नव्हे. "साडेचारशे किलोची गाय आहे. पायावर पाय पडला तर तू जन्माची गेलीस. बूट घाल, नाहीतर बाहेर."

सुजलेला पाय बुटात जाईना. ती बाहेर गेली आणि लोखंडी गजांमधून तिने ते वासरू दुसऱ्या कुणाच्या हातांवर जन्मताना पाहिलं.

नंतर हात धुताना सर म्हणाले, "नवरात्रानंतर इंटर्नशिपची पहिली फेरी फार्मवर आहे. दिवसभर बुटात उभं राहता आलं तर ये. नाहीतर तुझं नाव अड्यारच्या छोट्या जनावरांच्या दवाखान्यात घालतो. एसी आहे तिथं."

त्या एसीचाच तिला राग आला.

संध्याकाळी हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बादलीत पाय बुडवून बसली असताना तिने अवनीला पहिल्यांदा रिकिबीची गोष्ट सांगितली. अवनीच्या घरी दोन घोड्या होत्या. ती आधी हसली, मग सहानाचा पाय मांडीवर घेऊन बघू लागली.

"अगं, रिकिबीत चवडा टेकतो. हे हाड कुठे लागतंच नाही. आमचे आण्णा जन्मभर घोड्यावर बसले, त्यांचे पाय बघ जाऊन, लोण्यासारखे. मणके गेलेत त्यांचे. तुमचं खरं असतं ना, तर तुमच्या घराण्याला पाठदुखी हवी होती."

"तातांना सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तू सांग. आणि ऑपरेशन कर. इंग्रजीत ह्याला बनियन म्हणतात, तुला काय मी शिकवू? गायीच्या नख्या तासतेस आणि स्वतःचा पाय असा वागवतेस."

सहानाने घरी सांगितलं ते जेवताना, रसम वाढत असताना. परीक्षा जुलैत संपते, नवरात्र ऑक्टोबरात. मधल्या दिवसांत पाय करून घेते.

"कस्याला?" ताता म्हणाले.

"उभं राहायला."

"उभी तर आहेस की गे. आम्ही असकी सगळी जणं उभीच राहिलों. तुझा बाप बँकेत उभा राहिला."

अप्पा, म्हणजे रामस्वामी, ताटात बघत होते. ते नवा बूट आणत तेव्हा आधी ब्लेडने त्याची कड चिरत, आणि चीर दिसू नये म्हणून काळे मोजे घालून वर पॉलिश मारत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याला अप्पांची टापटीप म्हणत.

"ताता, मला दुखतं."

"दुखतं तर दुखूं दे. घोड्यावर बसलेल्यांस दुखलं नसेल? ते कापून टाकशील तर आम्ही कोण म्हणून सांगणं लोकांस? हिशेब तपासणीतले कारकून?"

"खरंच कारकूनच आहोत आपण," अम्मा म्हणाली आणि ताकाचं भांडं खाली ठेवलं. "मी शाळेत रजा टाकतें. मुलीबरोबर कोणी पायदळातलं हवं की नक्को?"

त्यावर ताता भातात ताक कालवण्यात फार वेळ गुंतले.

पण डॉक्टरांकडे जायच्या दिवशी ते इस्त्रीची वेष्टी नेसून दाराशी उभे होते. "मी येतों. काय ते मला विचारूं दे." ऑटोत मागे तिघं बसली, ताता मधोमध.

हाडांची डॉक्टर वाणी ठेंगणी, चटपटीत बाई होती. तिने सहानाला अनवाणी उभं करून एक्स-रे काढवला आणि तो पडद्यावर लावला. ताता खुर्ची सरकवून अगदी पुढे गेले.

"ह्यांत ते वाढलेलं हाड कोणतं?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"वाढलेलं काही नाही, सार. तुम्हाला, मला, सगळ्यांना असतं तेच हाड. ते आपल्या जागेवरून बाहेर कललंय, म्हणून त्याचं डोकं टोचतं. घराण्यातून येतो तो सांध्याचा ढिलेपणा. मी हाड कापून आत सरकवणार आणि दोन स्क्रू लावणार."

तातांनी ऐकलं ते ऐकलंच नाही. ते मनात काही तयार करून आले होते. "कापलेलं हाड आम्हांस परत द्यावं," ते म्हणाले. "वंशाचं आहे. घरीं ठेवीन."

सहानाला वाटलं जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. डॉक्टर वाणी मात्र हसली नाही. "काढत नाही हो मी. सरकवते. कडेला थोडं तासावं लागतं, तुरीच्या डाळीएवढं."

"डाळीएवढं तर डाळीएवढं."

"ते देता येत नाही. नियम आहे."

परतीच्या ऑटोत ताता एकदाच बोलले. "मशीन चुकतं." आणि घरी पोचल्यावर त्यांनी सहानाशी अबोला धरला. पोस्टातलं काही आलं तर ते अम्माकडे देत, म्हणत, "हे डॉक्टरीणबाईंस."

सहानाने तो अबोला अंगाला लावून घेतला नाही. तिला कामं होती. परीक्षा दिली, आणि दुसऱ्याच दिवसापासून स्वतःला आजारी गायीसारखं मानून गोठा लावायला घेतला. पलंग खिडकीपाशी ओढला, कारण तिथून बाथरूम चार ढांगांवर. शेजारच्या कौशिकच्या आईकडून वॉकर आणला आणि गच्चीवर, वाळत घातलेल्या साड्यांमधून, उजव्या पायाचा चवडा अधांतरी ठेवून टाचेवर चालायचा सराव केला. घराला लिफ्ट नव्हती, तेव्हा जिन्यावरून बसून उतरायचं कसं तेही करून पाहिलं. तळमजल्याच्या मामी दार उघडून बघत राहिल्या.

"काय गे सहाना, पडलीस काय?"

"नाही मामी. अजून पडायचंय."

नखांचं पॉलिश पुसलं. न्हाताना पायाला बांधायला कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणल्या. नातेवाइकांचे फोन येत होते. मन्नारगुडीच्या आत्यांनी विचारलं, लग्नाआधी पायाला टाके, कोण करील गे? मेट्टी-जोडवीं घालतानां नवऱ्यास दिसेल ना. सहाना म्हणाली, "आधी गायीला दिसूं दे, आत्या. नवरा मागाहून." आत्यांनी फोन अम्माकडे मागितला. अम्मा म्हणाली, कुकर लागलाय, आणि ठेवून दिला. कुकर लागला नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने उजव्या पायावर निळ्या पेनाने भलामोठा बाण काढला. डावाही थोडा कललेला होता, चूक होऊ नये म्हणून. अवनीने त्याचा फोटो काढला. "बाण बाहेर दाखवतोय. निघ लवकर."

कमरेखालचं अंग बधिर केलेलं, मध्ये हिरवा पडदा. करवत ऐकू आली. सहानाने गुरांच्या शिंगांवर चालवलेली करवत आठवली आणि आपण त्यांना बोलून धीर देत होतो तेही. आपल्यालाही कुणीतरी "हो हो, झालंच" म्हणावं असं तिला वाटलं. कुणी म्हटलं नाही, तेव्हा तिने स्वतःच म्हटलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काय हवं? ती म्हणाली, काही नाही, गायीशी बोलतेय. त्यांनी मॉनिटरकडे एकदा बघून घेतलं.

बाहेर काय झालं ते तिला नंतर अम्माने सांगितलं. ताता आले होते. कुणाला न सांगता, बसने, बाराव्याच्या पाहुण्यासारखा चेहरा करून. डॉक्टर वाणी बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून कुंकवाची चांदीची डबी काढली आणि झाकण उघडून पुढे धरली. आत कापूस घातला होता. डॉक्टरने हळूच सांगितलं की ते दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं, मिळायचं नाही. तातांनी डबी मिटली नाही. विचारलं, "दिसायला कसं होतं?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे, वेगळं होतं काय?"

"साधं हाड होतं, सार. चांगलं, मजबूत. पण साधं."

वॉर्डात आणल्यावर सहानाने डोळे उघडले तर पलंगाशेजारी ताता. पाय तीन उशांवर, पांढऱ्या बँडेजात, त्यातून पाच बोटं रांगेत. तातांची नजर त्या बोटांवर होती.

"साधं होतं म्हणतात," ते म्हणाले. अबोला मोडला हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"हो ताता."

"मग आमचं?"

"तुमचंही तेच."

ताता पुन्हा बोटांकडे वळले. "दुखतंय काय?"

"आत्ता नाही. इतकी वर्षं दुखत होतं."

"सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तुम्ही पायसम केलंत."

म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये हे तिला कळत होतं. तिच्या जिभेवर माफीही आली होती. पण ती तिने गिळली, कारण वाक्य खरं होतं आणि कुणीतरी एकदा ते म्हणायला हवं होतं. ताता उठले, डबी खिशात घातली, आणि अम्माने आणलेली इडली न खाता गेले.

भूल उतरली तेव्हा सहानाला कळलं की आतापर्यंतचं दुखणं म्हणजे नुसती तोंडओळख होती. पहिले काही दिवस तिने छताकडे बघून काढले. बर्फ म्हणून अम्मा मटारची गोठलेली पिशवी पायावर ठेवी. तीच पिशवी पुन्हा फ्रीजमध्ये, पुन्हा पायावर. "हे मटार आतां कुर्म्यांत नक्को घालूं," अप्पा म्हणाले. या घरात अप्पांनी केलेला तो वर्षातला पहिला विनोद असावा.

टाके काढायला गेल्यावर तिने पाय नीट पाहिला. पिवळट, सुरकुतलेला, कडेला काळ्या मुंग्यांसारखी रांग. पण अंगठा सरळ. कुणा अनोळखी बाईचा पाय आपल्या घोट्याला जोडलाय असं वाटलं. मग तो हलवायला सांगितला आणि अनोळखीपणा संपला; दुखतं ते आपलंच असतं. अंगठा वर, अंगठा खाली, दिवसातून अनेकदा. हलेचना. ती दात-ओठ खाऊन त्याच्याशी भांडे. फार्मवरच्या हट्टी रेड्यांसाठी राखून ठेवलेले तमिळ शब्द तिने त्या अंगठ्यावर खर्च केले, आणि स्वयंपाकघरातून अम्मा फक्त म्हणे, "दार लावून घे. मामी ऐकतायत."

अप्पा बँकेतून येत, हातपाय धुवून तिच्या पलंगाच्या कडेला बसत आणि शिकवल्याप्रमाणे तिची टाच एका हातात धरून दुसऱ्या हाताने अंगठा वाकवत. हिशेबाचे कागद हाताळावेत तसे, न चुरगाळता. एके संध्याकाळी त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "ह्यानंतर बूट तसाच घालतां येतो काय? न चिरतां?"

"येतो अप्पा."

"हं," ते म्हणाले, आणि अंगठा आणखी थोडा वाकवला.

ताता मात्र आपल्या खोलीत. पाहुणे आले तर कॉफी येई, पाय येत नसे. सहानाला त्याचं वाईट वाटलं. ती लंगडत त्यांना पेपर नेऊन देई, ते घेत. पण तिने "चुकलं" म्हटलं नाही आणि त्यांनीही ते मागितलं नाही.

मग आयुधपूजा आली. चेन्नईत त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याला गंध-कुंकू लागतं. रिक्षांना झेंडूच्या माळा, शिवणयंत्रांना कुंकू, बँकेत कॉम्प्युटरसमोर चुरमुरे-डाळं. या घरात हत्यार नव्हतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या पूजा व्हायची ती हाडाची. घरातल्या सगळ्यांत धाकट्याने पाटावर पाय ठेवायचा आणि मोठ्याने रिकिबीच्या हाडाला चंदन लावायचं. बाराव्या वर्षापासून तो मान सहानाचा होता.

सकाळी ताता चंदनाची वाटी घेऊन देवापुढे बसले. पाट मांडलेला होता. सहाना टाचेवर चालत आली. उजवं पाऊल रुंद चपलेत, अजून सुजलेलं.

तातांनी त्या पावलाकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "डावा ठेव. तो आहे की अजून."

"डावा फेब्रुवारीत," सहाना म्हणाली. "तारीख घेतलीय."

"अय्यो," अम्मा पुटपुटली. तिलाही हे माहीत नव्हतं.

सहाना वळली, बाल्कनीत गेली आणि परत आली ती दोन्ही हातांत गमबूट घेऊन. धुतलेले होते, पण शेणाचा वास रबरातून कधी पुरता जात नाही. तिने ते पाटावर ठेवले, स्टेथोस्कोपच्या शेजारी, सरस्वतीच्या पुढ्यात.

"पादत्राण देवापुढे ठेवतेस?" तातांचा आवाज चढला. "ह्या घरांत असलं कधीं झालं नाही."

"पाय चालतो, ताता, मग बूट का नाही? माझं हत्यार हेच आहे. पायाला मी इतकी वर्षं चंदन लावून घेतलं, त्यानं काही बरं झालं नाही. मी गोठ्यात उभी राहीन ती ह्यांत. घोड्यांचं तुम्हीच मला सांगितलंत. मी एकटीच ह्या घरात घोड्याजवळ जाते."

ताता उठून जातील असं सगळ्यांना वाटलं. ते उठले नाहीत. गेलेही नाहीत आणि बुटाला हातही लावला नाही. त्यांनी पुस्तकांना चंदन लावलं, अप्पांच्या पेनाला लावलं, अम्माच्या सुरीला लावलं, स्टेथोस्कोपला लावलं. बुटांपाशी वाटी थांबली. मग अम्मा पुढे झाली, सासऱ्यांच्या हातातली वाटी अलगद घेतली आणि दोन्ही बुटांच्या टोकांना चंदनाचे दोन ठसठशीत ठिपके दिले.

"पायदळाकडनं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कुणी पाहुणे आले तेव्हा सहानाने आतून ऐकलं. कॉफीचा टंब्लर खाली ठेवल्याचा आवाज, आणि मग ताता. "आमच्या सहानास दोन स्क्रू मारलेत पायांत. घोड्यास नाल मारतात ना, तसें." थोडं थांबून ते म्हणाले, "मूळपुरुषांस मिळालं असतं तर त्यांनीही मारून घेतलं असतं." जाऊन दुरुस्त करावं असं तिला वाटलं. मग वाटलं, राहू दे. ही गोष्ट निदान दुखत तरी नाही.

फेरीच्या पहिल्या दिवशी फार्मवर जाताना तिच्या पायात दोन निरनिराळे बूट होते. डावा नेहमीचा, उजवा दोन नंबर मोठा, आत जाड मोजा, वर घोट्याशी क्रेप बँडेजचा पट्टा बांधलेला. डॉक्टर वाणीने हरकत घेतली नव्हती. संध्याकाळी सूज येईल, कळ आली की टाचेवर भार घे, आणि पायाखाली गाय येऊ देऊ नकोस, एवढंच म्हणाली होती. अवनी तिच्याकडे बघून म्हणाली, "एका पायाने फौजेत, एका पायाने सर्कशीत." पण सहानाने तिला बॅग काही घेऊ दिली नाही.

डॉक्टर नारायणस्वामींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती उजव्या बुटावर थांबली.

"ऑपरेशन केलंस म्हणे."

"हो सर."

"किती दिवस झाले?"

"पुरेसे झाले, सर."

त्यांनी गोठ्याच्या दाराशी पंख्याखाली ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची दाखवली. तिच्यासमोर लहान टेबल, वर रजिस्टर. आवाजात वाईटपणा नव्हता, आणि तेच कठीण होतं. "आज तू तिथं बस. कोणती गाय, काय झालं, काय दिलं, लिहून घे. कुणीतरी लिहायलाच हवं. महिन्याभरानं बघू."

त्या महिन्याभराचं सहानाला पुरतं ठाऊक होतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाला पुढेही खुर्चीवरच बसवतात. हे तिच्याच घराण्याने पिढ्यान् पिढ्या करून दाखवलं होतं.

"सर, तुम्ही म्हणालात, बूट घाल नाहीतर बाहेर. बूट घातलाय."

"दिवसभर उभं राहावं लागेल."

"राहते."

"आणि पडलीस तर?"

"तर तुम्ही अड्यारला पाठवा. मी एका शब्दाने बोलणार नाही. पण पडल्यावर, सर. आधी नाही."

सरांनी घड्याळ पाहिलं. आतून कुणीतरी हाक मारली, लाल गाईने पाय झाडलाय, खुरात काहीतरी आहे. सहानाने खांद्यावरची बॅग काढली, ती त्या खुर्चीवर ठेवली, पट्टा एकदा घट्ट केला आणि आत गेली.

खुरात तारेचा तुकडा होता, आत पू. लाल गाय भिंतीला रेटत होती, दोघांनी तिला धरलं होतं. सहाना टाचेवर भार घेऊन वाकली. कळ आली, ठराविक जागी, आता ओळखीची. तिने गायीला सांगितलं, हो हो, झालंच, आणि खूर मांडीवर घेतलं. पू वाहून गेला, गाय एकदम ढिली पडली, जसं कुणी ओझं उतरवावं. मग दुसरी गाय आली. मग एक म्हैस, जिला कुणाचंच काही पटत नव्हतं. दुपारपर्यंत सहानाचा उजवा पाय ढोलकीसारखा वाजत होता आणि कपाळावर घाम, पण ती भिंतीलाही टेकली नाही. अवनी दोनदा "पाणी पी" म्हणाली, तिने दोन्ही वेळा उभ्याने प्यायलं.

जेवायच्या वेळी सर फेरी संपवून दाराशी आले. खुर्चीवर बॅग होती. रजिस्टरचं पान कोरं. त्यांनी आत पाहिलं. सहाना म्हशीच्या शेपटीशी उभी होती, कोपरापर्यंत हात आत, डोळे मिटून, बोटांनी काहीतरी शोधत. मग सरांनी बॅग उचलून टेबलावर ठेवली, खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि आतल्या बाजूला आवाज दिला.

"पहिली लाल गाय. खूर कोणतं होतं? पुढचं की मागचं?"

"मागचं उजवं, सर," सहाना आतून म्हणाली.

सरांनी लिहून घेतलं.